फाटकापर्यंत मराठी

रामटेके काकांचा आवाज मी आधी ऐकला आणि माणूस नंतर पाहिला. नुसत्या आवाजावरून मी त्यांच्याबद्दल जे मत करून घेतलं, ते फारच वाईट होतं.

लग्न होऊन मी अमरावतीहून जबलपूरला आले. संसार शहरातल्या राइट टाउनात, आणि नोकरी लागली ती सिहोऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत. रोज बसनं जायचं, बसनं यायचं. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, बसमध्ये बुंदेली. घरी नवरा होता मराठी, पण जबलपुरातच जन्मलेला; त्याची मराठी ‘अच्छा’पासून सुरू व्हायची आणि ‘चलो’पाशी संपायची. अशा दिवसांत एका संध्याकाळी मी थांब्यावर बसची वाट पाहत उभी होते, तर शेजारच्या काटेरी कुंपणामागून स्वच्छ नागपुरी मराठी कानावर आली.

“काहून वो, सकाळपासून सांगून राहिलो तुले, त्या पोराले पाजत जाय म्हणून. मायच्या जातीले शोभते काय हे? आता तोंड काहून फिरवून राहिली?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कोणी म्हातारा बाळंतीण सुनेला बोलतोय आणि ती बिचारी मुकाट ऐकून घेतेय, असं चित्र माझ्यासमोर उभं राहिलं. माझा स्वभाव जरा पुढं होऊन बोलण्याचा. चार शब्द सुनावावेत म्हणून मी तरातरा फाटकापाशी गेले. आत खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला एक काटकुळा माणूस उकिडवा बसला होता. लांब लोंबत्या कानांची, अंगावर तपकिरी ठिपके असलेली बकरी त्यानं काखेत दाबून धरली होती आणि दुसऱ्या हातानं तिच्या कासेला पिल्लू लावत होता. मला पाहून तो अदबीनं म्हणाला, “जी, मैडम?”

मी खरं ते सांगून टाकलं, की मला वाटलं तुम्ही सुनेलाच बोलताय.

तो हसला नाही. माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, “तुमी मराठी हाव?” आणि पिल्लाला पुढं सरकवत, “सुनेले कायले बोलू मी? तिले मराठी समजतच नाही.”

एवढ्यात काखेतली पकड सैल झाली होती, आणि तरी बकरी जागची हलली नव्हती. पिल्लू पोट भरून प्यायलं. माझी बस मात्र गेली.

त्या दिवसापासून पुढची कित्येक वर्षं माझी बसची वाट पाहण्याची जागा म्हणजे थांबा नाही, तर काकांच्या फाटकातली खाट. काका मला ‘बाई’ म्हणायचे, शाळेतल्या पोरांसारखं. चहा काळा असायचा, कारण बकऱ्यांचं दूध पिल्लांचं, त्याला माणसानं हात लावायचा नाही, असा त्यांचा कायदा. वर्षातून एकदा, बुद्धपौर्णिमेला, तो कायदा शिथिल व्हायचा आणि खीर व्हायची. त्या दिवशी खोलीतल्या छोट्या बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लागायची आणि बोकड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, कोणी का असेना, खीर खाऊन रिकाम्या हातानं परत जायचं.

काका मूळचे पवनीकडचे. तरुणपणी फॅक्टरीत फिटर म्हणून जबलपूरला आले आणि मग प्रांताच्या वाटण्या झाल्या. ते म्हणायचे, “प्रांत तुटला तवा अर्धं घर तिकडं राह्यलं, अर्धं इकडं. भाऊ महाराष्ट्रात गेला बसल्या जागी, अन् मी मध्यप्रदेशात राह्यलो उभ्या जागी.” निवृत्त झाल्यावर जबलपुरातल्या कांचघरचं घर मुलाच्या हवाली करून त्यांनी हा मुरमाड तुकडा घेतला आणि बायकोला घेऊन इथं राहायला आले. बायको गेली, ते राहिले.

या जमिनीत धड पीक येत नव्हतं, बोरी आणि बाभळी मात्र मन लावून वाढायच्या. तेव्हा कोणा ट्रकवाल्याच्या ओळखीनं काकांनी राजस्थानाकडून सिरोही जातीच्या बकऱ्या आणल्या. गाव हसलं. वाळवंटातली जात, आपल्या पावसाळ्यात कुजून मरतील, असं जो तो येऊन सांगून गेला. काकांनी मोडीतल्या लोखंडाचा सांगाडा उभा केला, त्यावर फटी ठेवून फळ्या ठोकल्या आणि बकऱ्यांना जमिनीपासून वर, कोरड्यात ठेवलं. लेंड्या खाली, बकऱ्या वर. पावसाळा गेला, बकऱ्या राहिल्या आणि हसणारे बोकड मागायला येऊ लागले. त्या जातीचं कौतुक काका असं करायचे, जसं एखादी आई काळ्यासावळ्या पण कामसू मुलीचं करते. काटे खाते, वाळला पाला खाते, तुरीचं कुटार म्हणजे भुस्सा खाते, उन्हात फिरते, दुखणं सांगत नाही, आणि वर्षाच्या आत बोकड अंगानं असा भरतो की उचलायला दोन माणसं लागतात. “नखरे नाहीत बाई हिच्यात. माझ्यासारखीच हाये.” यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. काकांचे नखरे पुष्कळ होते.

त्यांचा पहिला नखरा फॅक्टरीचा. भोंगा ऐकू येण्याच्या पलीकडं राहूनही ते भोंग्यावर जगत. बकऱ्या सोडायची ती ‘पहिली पाळी’, दुपारचा रवंथ ती ‘सुट्टी’. कळपाच्या पुढं चालणारी म्हातारी बकरी ही ‘फोरमनबाई’. या फोरमनबाईला फाटकाची कडी जिभेनं उघडता यायची. काकांनी कडी बदलली, तिनं तीही उघडली. मग त्यांनी खटका बसवला, मग वळवायची खुंटी. शेवटी त्यांनी अशी काही करामत केली की फाटक त्यांनाच उघडेना, आणि फोरमनबाईनं बाजूचं कुंपण वाकवून रस्ता काढला. काका कितीतरी वेळ त्या भोकाकडं पाहत उभे होते. म्हणाले, “हिले फॅक्टरीत घेतलं असतं तर माहं प्रमोशन गेलं असतं.”

दुसरा नखरा विक्रीचा. बकऱ्या मांसासाठीच पाळल्या होत्या आणि काका त्याबद्दल कधी ओशाळले नाहीत. होळीला, बकरीदला बोकड जायचे. ते स्वतःही मटण आवडीनं खायचे, फक्त स्वतःच्या घरचं नाही. पण घेणाऱ्यानं आत येऊन बोकड ओढत न्यायचा नाही. तो रस्त्यावर उभा राहणार. काका बोकडाच्या गळ्यात दोरी घालून, हातात बोरीची डहाळी धरून, त्याला चारत चारत स्वतः फाटकापर्यंत आणणार. आणि तेवढा वेळ त्याच्याशी बोलणार, हळू आवाजात, मराठीत. काय बोलत ते मी कान देऊन ऐकलं होतं. तुझी माय चांगली होती, तू लहानपणी खड्ड्यात पडला होतास, आठवते का, असलंच काहीबाही. फाटकाशी आले की दोरी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची आणि मोठ्यानं म्हणायचं, “लीजिए भैया, सँभालिए.” मग त्या बोकडाशी एक शब्द नाही. वळून पाहणं नाही.

मी एकदा विचारलं, की फाटकापाशी एकदम हिंदी का?

“फाटकापर्यंत घरचा, बाई. घरच्याशी मराठी. फाटकाभाईर तो त्याइचा.” एवढं बोलून ते कुटार चाळायला गेले.

या सगळ्या मराठीनं एकदा मोठा घोटाळा केला. जवळच्या पटेलांनी काकांकडून पाळायला काही बकऱ्या नेल्या. आठवडाभरात पटेल हातघाईवर आले. “बाबूजी, बहरी बकरियाँ दे दीं आपने. हम गला फाड़ रए, जे सुनतीं ही नईं.” संध्याकाळी बकऱ्या रानातून घराकडं वळतच नव्हत्या. काका काळजीत पडले, बकऱ्यांचे कान तपासून आले. मग शेतात उभे राहून त्यांनी आपली नेहमीची हाक दिली, “येऽ वोऽ बाई”, आणि सगळ्या बहिऱ्या धावत आल्या. चूक तेव्हा त्यांच्या लक्षात आली. बकऱ्या दिल्या होत्या, भाषा दिली नव्हती. मग काका रोज संध्याकाळी पटेलांच्या घरी जाऊन पटेलीणबाईंना ती हाक शिकवू लागले. पटेलीण मोठी उत्साही बाई. हाकेबरोबर ओरडाही शिकली. पुढं त्या ठार बुंदेली घरातून दिवेलागणीला “कान फुटले काय वो, चाल घरी” असं खणखणीत ऐकू यायचं आणि मला बसमध्ये बसल्या बसल्या माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

पटेलणीची तारीफ केली की काका मान हलवायचे. हाक अशी नाही, म्हणायचे. हाक खरी होती ती कौसल्याची, म्हणजे त्यांच्या बायकोची. ती तिनं पवनीहून माहेरातून आणली होती. “ती ‘बाई’ले वर उचले. खालून सुरू करे अन् ‘बाई’पाशी असा वर घेऊन जाये. मले नाही जमत. मी नुसता वरडतो.” त्यांनी मला दोनतीनदा करून दाखवायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज मध्येच फाटला.

मुलगा प्रदीप कांचघरला विजेच्या सामानाचं दुकान चालवायचा. चांगला मुलगा. मराठी सगळी समजायची, उत्तर हिंदीत यायचं. सून सुनीता कटनीची. दर शनिवारी डबा घेऊन बसनं यायची, सासऱ्याचे कपडे धुवायची, नाकाला पदर लावून बकऱ्यांच्या वाड्यापासून दूर बसायची आणि परत जायची. काका तिच्याशी अतिशय शुद्ध, इस्तरी केलेल्या हिंदीत बोलायचे. “बहू, तुम्हें बहुत कष्ट हुआ.” ती गेली की मराठीत बकऱ्यांपाशी मन मोकळं करायचे. कधी तर ती तिथंच कपडे वाळत घालत असताना. डॉक्टरनं मीठतिखट कमी सांगितलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. काका फोरमनबाईच्या पाठीवर हात फिरवत तिला सांगत होते, की डब्यातली भाजी तू खाशील तर रवंथसुद्धा करणार नाहीस, कौसल्या असती तर वांग्याला थोडा तरी ठेचा लागला असता. सुनीता दोरीवर धोतर झटकत होती. पुढच्या शनिवारी भाजीला ठेच्याचा वास होता. काका खूश. मला म्हणाले, “पाह्यलं? डॉक्टरनं पथ्य बदललं वाटते.”

मी सुनीताकडं पाहिलं, तर ती डबा घासण्यात गढून गेली होती.

प्रदीपचं एकच म्हणणं होतं, बाबूजींनी बकऱ्या विकाव्यात आणि घरी यावं. त्यात गैर काही नव्हतं. काकांचं वय झालं होतं, रात्री साप निघायचे, दवाखाना लांब. काका दरवेळी पुढच्या होळीवर ढकलायचे. एकदा संध्याकाळी मी त्यांना प्रदीपच्या बाजूनं चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या.

“विकू दे नं,” ते म्हणाले. “मी काही छाताडावर घेऊन जाणार हाव काय? विकण्याचं दुःख नाही बाई मले, विकतच आलो. पन माझ्यामागं याइच्याशी बोलन कोन? घरात कोनालेच येत नाही. कौसल्याची हाक माझ्यापाशी अर्धी आली, अन् माझ्यापाशी संपन.”

मला तेव्हा फार वाईट वाटलं. बस आली म्हणून मी सुटले.

त्या हिवाळ्यात काकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा ते माझ्याकडं पाहून तोंड उघडायचे, घशातून काहीतरी यायचं, पण शब्द व्हायचा नाही. ज्या माणसाला बोलायला माणूस मिळत नव्हता म्हणून तो बकऱ्यांशी बोलायचा, त्याचं बोलणंच जावं, याचा मला संताप आला. कोणावर, ते सांगता येत नाही.

घरी आणल्यावर ते सारखे डाव्या हातानं दाराकडं बोट दाखवायचे. बकऱ्या तोवर पटेलीण सांभाळत होती. प्रदीपनं शेवटी सिहोऱ्याच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं केलं, सगळा कळप एकदम द्यायचा. बाबूजींना शेवटचं दाखवून आणावं म्हणून त्यानं रिक्षा केली आणि काकांना, सुनीताला घेऊन तो शेतावर आला. शाळा सुटून मी थांब्यावर आले तर फाटकाशी टेम्पो उभा. काका आपल्याच खाटेवर, मागं उशी लावून टेकवलेले. डोळे बोरीच्या रानाकडं.

बोरं पिकायचे दिवस होते. पटेलणीनं सकाळीच बकऱ्या सोडल्या होत्या आणि त्या नाल्याच्या पलीकडं बोरीखाली पसरल्या होत्या. व्यापारी धान्याची बादली खडखडवत गेला. बोरं पायाशी पडलेली असताना बादलीला कोण विचारतं? त्यानं एकीला धरायला हात घातला, तर सगळ्या काट्यात शिरल्या. मग प्रदीपनं हाका मारल्या, आधी हिंदीत, मग थोडा लाजत मराठीत. “ये... ये बाई, इकडे ये.” फोरमनबाईनं मान वर केली, त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा बोरं वेचू लागली. प्रदीपचा चेहरा मला बघवेना.

तो पटेलणीकडं वळला. चाची, तुम्ही बोलवा, तुमचं ऐकतात.

पटेलणीनं गळ्यावर हात ठेवला. “हमाओ तो गला बैठ गओ भैया, काल सें,” ती म्हणाली आणि मोठ्यांदा खोकली. सकाळी शाळेत जाताना मी तिचा आवाज रस्त्यापलीकडून ऐकला होता.

सुनीता खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिचा एक हात सासऱ्याच्या लुळ्या हातावर होता. ती काहीच बोलली नाही, कोणी तिला विचारलंही नाही. दिवस कलला. व्यापाऱ्याला अजून एका गावी जायचं होतं. तो कुरकुरला, बकऱ्या बांधून ठेवा, उद्या येतो म्हणाला आणि टेम्पो धुरळा उडवत निघून गेला.

टेम्पो वळणाआड दिसेनासा झाला, तशी सुनीता फाटकापाशी गेली. डोक्यावरून पदर सारखा केला. आणि हाक दिली.

“येऽ वोऽ बाईऽ...”

खालून सुरू झाली ती हाक, आणि ‘बाई’पाशी वर गेली, अगदी वर, आणि तिथं ठरली. मी कौसल्याबाईंना कधी पाहिलं नव्हतं. तरी मला कळलं. काकांच्या तोंडून न निघालेली हाक हीच.

“कान फुटले काय वो? दिवस बुडून राहिला, चाला घरी.”

फोरमनबाई पुढं, तिच्यामागं सगळ्या, पिल्लं उड्या मारत, नाला ओलांडून कळप फाटकातून आत आला. सुनीता एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होती. नाकावर पदर नव्हता.

प्रदीप म्हणाला, “तुम्हें आता था? तो अब तक चुप क्यों थीं?”

“अम्माजी से सीखा था, ब्याह के पहले साल. फिर बाबूजी ने कभी कहा ही नहीं,” ती म्हणाली. मग मागं न बघता, “कल टेम्पो आएगा, तो कल भी नहीं बुलाऊँगी.”

काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचं अर्धं तोंड हसत होतं आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुनीतानं पदरानं ते पुसलं आणि मराठीत म्हणाली, जरा अडखळत, “ठेच्याचं बी समजत होतं मले, बाबूजी.” मी तोंड फिरवून रस्त्याकडं पाहत राहिले. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते मला लपवायचं नव्हतं, पण त्या दोघांच्या मध्ये मी कशाला?

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला नाही. प्रदीपनंच नको म्हणून कळवलं होतं. सुनीता सासऱ्यासह शेतावर राहायला आली, प्रदीप दुकान बंद करून शेवटच्या बसनं यायचा. काका पुढं फार जगले नाहीत, पाऊस लागायच्या आत गेले. बोलणं परत आलं नाही.

मला ते आठवतात ते होळीच्या आधीचे, बसच्या खिडकीतून पाहिलेले. बस थांब्यावर माणसं घेत होती. रस्त्यावर एक गिऱ्हाईक उभं होतं आणि आतून सुनीता एका दांडग्या बोकडाला घेऊन येत होती, एका हातात दोरी, दुसऱ्यात बोरीची डहाळी. तिचे ओठ हलत होते. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, पण बोकड तिच्याकडं कान करून चालत होता. फाटकाशी येऊन ती थबकली. दोरी देईना. तिनं वळून खाटेकडं पाहिलं.

काकांनी डावा हात हळूच वर केला आणि खाली आणला.

सुनीतानं दोरी पुढं केली. “लीजिए भैया, सँभालिए,” ती म्हणाली. बस सुटली. मी मान वळवून पाहिलं तेव्हा ती फाटक लावून घेत होती, आणि काकांनी तोंड कळपाकडं केलं होतं.